ई-चलान चुकीचं आलंय, वकिलाशिवाय कोर्टात लढता येईल का?

येतं की! स्वतःची बाजू मांडायला वकील लागतोच असं नाही. पण आधी महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार टाका, आणि त्याही आधी चलानावरचा फोटो मोठा करून बघा. माझ्या चलानावर काळी मोटारसायकल होती, माझी तर पांढरी स्कूटर! नंबरातला ३ कुणीतरी ८ वाचला होता. आरसी आणि गाडीचा फोटो जोडला, चलान रद्द झालं.

तक्रार फेटाळली तर मॅजिस्ट्रेटसमोर 'गुन्हा कबूल नाही' एवढं स्पष्ट सांगा; मग तो सिद्ध करणं सरकारी पक्षाचं काम. कागदांच्या दोन-दोन प्रती न्या, आणि दिवस मोडणार हे धरूनच चला. लोकअदालतीत मात्र तडजोड होते, खरं-खोटं तपासलं जात नाही.