एकाच आयपी पत्त्याच्या नोंदी दोन रजिस्ट्रींत वेगवेगळ्या दिसल्या, तर कोणती खरी धरावी?

तो पत्ता आज ज्या प्रादेशिक रजिस्ट्रीच्या (आपल्या विभागात आयपी पत्ते वाटून त्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) ताब्यात आहे, तिच्याकडील वाटपाची नोंद खरी धरावी. अशा पाच रजिस्ट्री असून भारत एपनिक या आशिया-पॅसिफिकच्या रजिस्ट्रीच्या क्षेत्रात येतो. या रजिस्ट्री स्थापन होण्यापूर्वी वाटलेले अनेक पत्ते पुढे एरिन या उत्तर अमेरिकेच्या रजिस्ट्रीकडून त्या त्या विभागाकडे हलवले गेले, त्यामुळे एकाच मोठ्या गटातील तुकडे आज वेगवेगळ्या ठिकाणी नोंदलेले आढळतात.

खरा घोळ मात्र राउटिंगच्या नोंदींत, म्हणजे कोणते पत्ते कोणत्या नेटवर्कमार्फत पोहोचतात हे सांगणाऱ्या राउट-नोंदींत आहे. राइप एनसीसी या युरोप-मध्यपूर्वेच्या रजिस्ट्रीच्या डेटाबेसमध्ये सप्टेंबर २०१८ पर्यंत इतर विभागांतील पत्त्यांच्या राउट-नोंदीही करता येत असत आणि त्यासाठी पत्त्याच्या मूळ धारकाची संमती पडताळली जात नसे. ही सोय बंद झाल्यावर त्या जुन्या नोंदी ‘राइप-नॉनऑथ’ या वेगळ्या नावाखाली ठेवण्यात आल्या. केवळ अशा नोंदीच्या भरवशावर फिल्टर (कोणते मार्ग स्वीकारायचे ते ठरवणारी चाळणी) लावणे मला धोक्याचे वाटते. त्याऐवजी धारकाने आरपीकेआयमध्ये (पत्त्यांचा हक्क डिजिटल प्रमाणपत्रांनी सिद्ध करणाऱ्या व्यवस्थेत) स्वाक्षरी केलेले आरओए, म्हणजे कोणत्या नेटवर्कने ते पत्ते जाहीर करावेत याचे परवानगीपत्र, आहे का, ते आधी पाहावे. नोंदीतील देशाच्या रकान्यावरून सर्व्हर कुठे आहे हे ठरवू नये, कारण यंत्र प्रत्यक्षात दुसऱ्याच देशात असू शकते.