लंडनला हॅकनीत घर बघतोय. मॉसबोर्न शाळेचं नाव खूप ऐकलंय. शाळेचा इतिहास काय आहे आणि मुलासाठी तिथेच घर घ्यावं का?

प्रश्न वाचून हसूच आलं. 2002 साली आम्ही हॅकनी डाऊन्स पार्कजवळ फ्लॅट घेतला तेव्हा मोठ्या दिरांनी दक्षिण लंडनमधल्या सटनहून फोन करून नवऱ्याला पाऊण तास झापलं होतं. वेड लागलंय का, तिथल्या रस्त्याला पेपरवाले मर्डर माईल म्हणतात, उद्या पोरं झाली तर घालणार कुठे, तिथली शाळा तर बंद पाडलीय.

शाळेचं खरं होतं. ती हॅकनी डाऊन्स स्कूल, 1876 ची, ग्रोसर्स कंपनी या लंडनच्या जुन्या व्यापारी संघाने काढलेली. एके काळी मुलांची नावाजलेली ग्रामर स्कूल, म्हणजे परीक्षा घेऊन हुशार मुलं निवडणारी शाळा, कष्टकरी ज्यू घरांतली हुशार पोरं तिथून शिकून वर आली, नोबेलवाला हॅरॉल्ड पिंटर तिथलाच. पुढे ती काँप्रिहेन्सिव्ह झाली, म्हणजे परीक्षा न घेता सगळ्यांना प्रवेश, मग उतरती कळा लागली आणि 1995 च्या डिसेंबरात कुलूप. पेपरांनी देशातली सगळ्यात वाईट शाळा असा शिक्का मारला तो वेगळाच.

सरसकट सगळ्यांना घेतलं की असंच होणार, हा दिरांचा लाडका सिद्धांत. मला तो तेव्हाही पटला नाही आणि आताही नाही. ज्यांना जमलं ते भाग सोडून गेले, मागे राहिली ती ओढगस्तीच्या घरांतली मुलं, त्यात शिक्षक टिकेनात, मग नुसत्या शाळेच्या नावाने खडे फोडून काय होणार.

2004 ला त्याच जागेवर मॉसबोर्न उघडली. सर क्लाइव्ह बोर्न यांनी पैसे घातले, वडिलांचं नाव मॉस बोर्न, म्हणून हे नाव. पहिले मुख्याध्यापक मायकेल विल्शॉ, जे नंतर ऑफस्टेडचे, म्हणजे शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेचे प्रमुख झाले. शिस्त अशी की तास सुरू होताना अख्ख्या वर्गाने ठरलेलं काहीतरी म्हणायचं, मन चौकस ठेवू, शांत राहू, नीट ऐकू अशा अर्थाचं. शेजारच्या इंग्रज बाईला ते भयंकर वाटायचं, मला आपली 'भारत माझा देश आहे' आठवायची. आणि प्रवेशाला ग्रामरसारखी चाळणी नाही, चाचणी घेतात ती मुलांचे गुणांप्रमाणे गट पाडायला आणि मग प्रत्येक गटातून मुलं घेतात, त्यात घर शाळेपासून किती अंतरावर ते बघतात. तरी 2009 च्या पहिल्या जीसीएसईला, म्हणजे आपल्या दहावीसारख्या परीक्षेला, 80 टक्क्यांच्या वर मुलं इंग्रजी-गणित धरून पाच विषयांत चांगल्या ग्रेडने पास! त्याच आठवड्यात दिरांचा फोन, ऑफिसातल्या एकाला तुमच्या बाजूला भाड्याने काही मिळेल का. मी फोन स्पीकरवर टाकला होता.

आता पुढचं ऐका. धाकट्याच्या वेळी जागा पुरेना म्हणून 2011 ला आम्ही तो फ्लॅट विकून थोडं लांब मोठं घर घेतलं. शाळेचं अंतर मोजायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, इतकी वर्षं सगळ्यांना आमची शाळा आमची शाळा सांगून झालेलं ना. 2014 च्या 3 मार्चला ईमेल आली, मुलीला दुसऱ्या पसंतीची शाळा. मी दोन दिवस धड जेवले नाही. मुलगी तिथे मजेत गेली, कोणी नावही न ऐकलेली शाळा, आज केमिस्ट्रीत डिग्री आहे तिच्याकडे. दिरांचा मुलगा आठव्या वर्षापासून शनिवार-रविवार ट्यूशनला बसून ग्रामरला गेला, तोही छान चाललाय, पण त्याला विचारा लहानपणी शनिवारी काय केलंस.

तेव्हा नुसत्या नावासाठी घर घेऊ नका असं माझं स्पष्ट मत. घेणारच असाल तर प्रत्येक गटात गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश किती अंतरावर मिळाला ते आधी बघा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका. फॉर्मची मुदत 31 ऑक्टोबर, सहाच्या सहा पसंती भरा. हे सगळं माझ्या वेळचं हं, आता ऑफस्टेडचा अख्ख्या शाळेला दिला जाणारा 'उत्कृष्ट', 'चांगली' असा एका शब्दाचा शेरासुद्धा 2024 पासून बंद झालाय. आणि इतकी शिस्त प्रत्येक मुलाला मानवतेच असं नाही, ओपन इव्हनिंगला, म्हणजे पालकांना शाळा दाखवतात त्या संध्याकाळी, पोराला घेऊन जा.

आमचा जुना फ्लॅट परवा विक्रीला लागलेला दिसला. जाहिरातीत पहिल्याच ओळीत शाळेचं नाव. किंमत मी अजून नवऱ्याला सांगितलेली नाही.