किकचा ‘बेस’ की किकचा खर्ज?

किक म्हणजे ड्रमसेटमधला पायाने वाजवायचा मोठा ढोल. प्रश्न असा आहे: ‘किकला बेस कमी पडतोय, बेस वाढवा’ असं रेकॉर्डिंग करणारे सर्रास म्हणतात. या ‘बेस’ला मराठीत ‘खर्ज’ म्हणावं का? आणि जोडीला, बेस वाढवूनही मोबाइलवर किक ऐकू का येत नाही?

खर्ज जरूर म्हणा. पण ‘बेस’ म्हणणाऱ्याला निम्म्या वेळा खर्ज नकोच असतो, आणि माझा राग त्यावरच आहे. तीन निरनिराळ्या गोष्टींना हा एकच शब्द लावला की मिक्स करणारा बिचारा ६० हर्ट्झला सहा डेसिबल चढवून मोकळा होतो. किक तशीच राहते. लिमिटर (आवाज ठरावीक पातळीपुढे जाऊ न देणारं यंत्र) मात्र प्रत्येक ठोक्याला अख्खं गाणं खाली दाबतो. डग्गा वाजवणाऱ्याकडे या तिन्ही गोष्टींना शब्द आहेत: ठोका, घुमारा आणि खर्ज.

ठोका म्हणजे बीटर (किकच्या पेडलचा टोला) चामड्यावर आदळतो तो क्षण. तो २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये असतो, तळाशी नसतोच. ‘किक छातीत बसत नाही’ अशी तक्रार असेल तर आधी कॉम्प्रेसरचा, म्हणजे मोठा आवाज आवरणाऱ्या यंत्राचा, अटॅक बघा; अटॅक म्हणजे दाब पडायला लागणारा वेळ. तो एक-दोन मिलिसेकंदांवर असला तर ठोका निसटायच्या आतच चिरडला जातो. अटॅक १५ ते ३० मिलिसेकंद, रेशो (दाबण्याचं प्रमाण) ४:१, दाब तीन-चार डेसिबलचा ठेवला की ठोका मोकळा सुटतो आणि त्याच्या मागचा नाद आवरला जातो. आवाज खोक्यासारखा येत असेल तर ३०० हर्ट्झच्या आसपास तीन-चार डेसिबल काढा. किकला दोन माइक असतील तर एकाची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची दिशा) उलटून ऐका. तळ एकदम भरून आला, तर इतका वेळ दोन्ही माइक एकमेकांना खात होते.

घुमारा म्हणजे ठोक्यानंतर उरतो तो नाद. १२० च्या लयीत दोन मात्रांमध्ये ५०० मिलिसेकंद असतात. घुमारा तेवढा लांबला तर पुढचा ठोका त्यात बुडतो. इथे ‘बेस वाढवा’ हा सल्ला उलटाच पडतो, घुमारा छाटावा लागतो.

आता खर्ज. खर्ज म्हणजे ‘खालचा’ नव्हे. खालच्या सप्तकाला आपल्याकडे ‘मंद्र’ हा स्वतंत्र शब्द आहे. खर्ज म्हणजे षड्ज, साक्षात सा! षड्जचा खडज, खडजचा खरज, खरजचा खर्ज. ‘ष’चा ‘ख’ होणं ही उत्तरेकडच्या बोलींची जुनी खोड: भाषाचं भाखा, वर्षाचं बरखा, दोषचं दोख. ‘ड’चा ‘र’ जीभ नुसती टेकून निसटली की होतो. मराठीची स्वतःची चाल अशी नाही. आपण षष्ठीची सटी केली, षट्‌चे सहा केले. आपल्या तोंडी ‘ष’चा ‘स’ होतो. म्हणून माझं ठाम मत आहे की खर्ज हा शब्द इथल्या मातीत घडलेला नाही, हिंदुस्थानी गवयांच्या घशातून आपल्याकडे आला. ‘षड्जाचा अपभ्रंश’ एवढंच लिहून पुढे जाणारे कोशकार नेमकी हीच गोष्ट गमावतात. यात भ्रंश कुठला? नियमाने झालेला बदल आहे, आणि शब्द कोणत्या वाटेने आला तेही तो सांगतो. ‘खरखरीत’मधल्या ‘खर’शी त्याचं नातं लावणं तर सरळ चूक आहे. पुरावा तंबोऱ्यावर आहे. चौथ्या तारेला खर्जाची तार म्हणतात ती जाड आहे म्हणून नव्हे, मंद्र षड्जात लावतात म्हणून.

(इंग्रजीतला बेस लॅटिन ‘बास्सुस’वरून, म्हणजे ठेंगणा, खालचा. बेस कॅम्पमधला बेस ग्रीक ‘बासिस’वरून. दोघांचा संबंध नाही.)

हा अर्थ धरला की ‘किकचा खर्ज’ हे मोजमापाचं बोलणं होतं. घुमारा असलेल्या प्रत्येक किकला स्वर असतो. ८०८ या ड्रम मशीनच्या लांब किकमध्ये तर तो उघड ऐकू येतो. गाणं काळी एकमध्ये (सी शार्प) आहे असं धरा. खालचा सा ३४.६ हर्ट्झ, बहुतेक स्पीकरांच्या आवाक्याबाहेर. वरचा सा ६९.३, किकसाठी जरा उंच. मधला पंचम ५१.९, तो नेमका बसतो. आता तुमचा किकचा सॅम्पल (आधीच रेकॉर्ड केलेला तयार आवाज) ५५ हर्ट्झचा, म्हणजे पांढरी सहाचा असेल, तर या गाण्यात तो कोमल धैवत लागतोय. बेस गिटार पंचमावर आली की दोघांत तीन हर्ट्झचं अंतर पडतं, आणि सेकंदाला तीनदा आवाज फुगतो, बसतो. मग एक ठोका भरदार, पुढचा पोकळ, आणि दोष मात्र वाजवणाऱ्याला! सॅम्पल एक अर्धस्वर खाली घ्या, फुगणं थांबतं. किकचा स्वर तपासताना शेपटाकडे, म्हणजे घुमाऱ्याच्या शेवटाकडे बघा, कारण सुरुवातीला तो वरून घसरत येत असतो. कोरड्या, तोकड्या किकला हा खटाटोप नको.

मोबाइलचं उत्तर सोपं आहे. त्याच्या स्पीकरला ५२ हर्ट्झ वाजवताच येत नाही, तिथे कितीही भर घाला. थोडं सॅच्युरेशन द्या, म्हणजे आवाज किंचित विकृत करा, की १५६, २०८ आणि त्याच्या वरचे उपस्वर (मूळ स्वराच्या पटीतले स्वर) उठतात. कान त्यांच्यावरून खालचा स्वर स्वतःच भरून घेतो, आणि ३ किलोहर्ट्झवरचा ठोका किकची जागा दाखवतो.