नेट नसलेल्या शाळेसाठी डेबियन: पेनड्राइव्हवर नेमकं काय न्यायचं

मॅडम, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. पारशिवनीच्या पुढे, जंगलाच्या कडेला शाळा. दहा-बारा जुने कॉम्प्युटर, सगळ्यांवर विंडोज १०. त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार (सुरक्षा दुरुस्त्या) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. गावात नेट नाही, मोबाइलला धड रेंज नाही. तुम्ही नागपुरातून डेबियन १३ (विंडोजऐवजी चालणारी मोफत लिनक्स प्रणाली) चा पेनड्राइव्ह तयार करून नेला, इन्स्टॉल शेवटपर्यंत झालं, पण मशीन सुरू केल्यावर नुसता काळा पडदा आणि लॉगिन. डेस्कटॉप नाही, मराठी टायपिंग तर दूरच.

तुमचा पेनड्राइव्ह आणि मशीन दोन्ही ठीक आहेत. तुम्ही उतरवलेली आयएसओ (इन्स्टॉल डिस्कची फाइल) 'नेटइन्स्ट' प्रकारची आहे. ती एक जीबीहूनही लहान असते, कारण तिच्यात फक्त पायापुरती प्रणाली असते. डेस्कटॉप, लिबरऑफिस, ब्राउझर हे सगळं ती इन्स्टॉल चालू असताना नेटवरून ओढते. नेट मिळालं नाही की पाया घालून थांबते. डेबियनच्या साइटवर सगळ्यात आधी हीच आयएसओ हाती लागते, म्हणून पुष्कळांचं असंच होतं.

तुम्हाला हवी आहे 'डीव्हीडी-१'. ही साधारण चार जीबीची असते. नाव डीव्हीडी असलं तरी पेनड्राइव्हवर सरळ चालते. तिच्यात डेस्कटॉप आणि सर्वाधिक वापरली जाणारी पॅकेजं (प्रोग्रॅमचे तयार गठ्ठे) आहेत. वायफाय वगैरे भाग चालायला लागणाऱ्या फायली (फर्मवेअर) डेबियन १२ पासून अधिकृत आयएसओतच येतात, त्यामुळे ती वेगळी शोधत बसायची गरज उरली नाही. जुन्या मशीनवर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप निवडा. चार जीबी रॅमवर ग्नोम हा जड डेस्कटॉप चालतो, पण मुलांना ताटकळत बसावं लागतं. एखादं मशीन खरोखर ३२ बिटचं निघालं तर तिथे डेबियन १३ चढणार नाही, त्याचा ३२ बिट इन्स्टॉलर बंद झाला आहे. त्या एका मशीनला डेबियन १२ द्या. त्याचा दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत आहे.

आयएसओ उतरवल्यावर तिचा चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते सांगणारा आकडा) साइटवरच्या एसएचए-५१२ यादीशी जुळवा. हे टाळू नका, कारण चार जीबीत एक तुकडा जरी बिघडला तरी ते तुम्हाला पारशिवनीत कळेल, नागपुरात नाही. पेनड्राइव्ह नवा असेल तर लिहिण्याआधी 'एफ३' नावाच्या प्रोग्रॅमने त्याची खरी क्षमता तपासा. ३२ जीबी छापलेला पण आत आठच जीबी असलेला माल बाजारात असतो. तो आधी नीट लिहून घेतो आणि वाचायच्या वेळी दगा देतो. विंडोजवरून रुफस या प्रोग्रॅमने पेनड्राइव्ह लिहीत असाल तर तो पद्धत विचारतो, तेव्हा 'डीडी' निवडा.

शाळेत इन्स्टॉल करताना नेटवर्कची वायर काढून ठेवा. राउटर आहे पण पुढे नेट नाही, अशा वेळी इन्स्टॉलर सुरक्षा-सर्व्हर शोधत बराच वेळ अडून राहतो. 'नेटवर्क मिरर (नेटवरचं पॅकेजांचं भांडार) वापरायचा का' याला नाही म्हणा.

इथपर्यंत डेस्कटॉप येईल. पण माझ्या मते खरं काम यानंतर सुरू होतं, आणि पुष्कळ जण तिथेच सोडून देतात. महिन्याभराने कुणी सर म्हणतील, मुलांसाठी डीव्हीडीतलाच आणखी एखादा प्रोग्रॅम हवा. तेव्हा अ‍ॅप्ट (डेबियनचा पॅकेजं चढवणारा प्रोग्रॅम) 'डिस्क घाला' म्हणेल आणि पेनड्राइव्ह लावला तरी ऐकणार नाही, कारण तो सीडी ड्राइव्ह शोधत असतो. यावर उपाय असा: आयएसओ फाइलच प्रत्येक मशीनच्या हार्ड डिस्कवर कॉपी करून ठेवा, ती लूप पद्धतीने एका फोल्डरवर माउंट करा (म्हणजे फाइल डिस्कसारखी उघडेल), दर वेळी आपोआप उघडावी म्हणून एफएसटॅब फाइलमध्ये नोंद करा, आणि पॅकेजं कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या सोर्सेस लिस्टमध्ये सीडीरॉमची ओळ काढून त्या फोल्डरची 'फाइल' ओळ 'ट्रस्टेड' लावून लिहा. ट्रस्टेड लागतं, कारण डीव्हीडीवरच्या यादीवर डिजिटल सही नसते. चार जीबी जागा जाते, पण शाळेकडे कायमचं भांडार राहतं.

डीव्हीडीवर जे नाही ते नागपुरातूनच न्यावं लागेल. लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) करा आणि त्यात तीच डीव्हीडी-१, तोच एक्सएफसीई, नेट बंद ठेवून इन्स्टॉल करा. म्हणजे शाळेतल्या मशीनची जुळी तयार झाली. मग नेट सुरू करा, डेबियनचे नेहमीचे सोर्स जोडा आणि हवी ती पॅकेजं 'डाउनलोड-ओन्ली' पर्यायाने मागवा. फायली अ‍ॅप्टच्या कॅशमधल्या 'अर्काइव्ह्ज' फोल्डरात जमतात. आधीच मांडलेल्या, वापरातल्या मशीनवर हे केलं तर अ‍ॅप्ट तिथे असलेली लायब्ररी (प्रोग्रॅमला लागणारा सामाईक भाग) सोडून देतं, आणि शाळेत नेमकी तीच कमी पडते. उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या लॅपटॉपवरून उतरवलेली पॅकेजं डेबियनला देऊ नका. त्याच जुळ्या मशीनमध्ये अपग्रेडच्या फायलीही तशाच उतरवून घ्या, म्हणजे सुरक्षा दुरुस्त्याही सोबत जातील. शाळेत तो फोल्डर उघडून त्यातल्या सगळ्या डेब (पॅकेजांच्या) फायली अ‍ॅप्ट इन्स्टॉलला एकदम द्या. एकमेकांवरचं अवलंबून असणं तो स्वतः जुळवतो. 'डीपीकेजी' या दुसऱ्या प्रोग्रॅमने एकेक फाइल चढवू नका, त्यात क्रम चुकतो. दोन-चारच पॅकेजं न्यायची असतील तर 'अ‍ॅप्ट-ऑफलाइन' हा प्रोग्रॅमही छान आहे: शाळेच्या मशीनवर यादी बनवायची, नागपुरात उतरवायचं, परत जाऊन चढवायचं. पण त्यात फेऱ्या वाढतात.

मराठीसाठी यादीत 'टास्क-मराठी-डेस्कटॉप', लोहित देवनागरी फॉन्ट आणि मराठी टायपिंगसाठीचं 'आयबस-एम१७एन' नक्की ठेवा. जुन्या प्रश्नपत्रिका कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतील, आपल्याकडे बहुधा असतातच, तर त्या फॉन्टची फाइल शाळेच्या विंडोजमधून आधी काढून घ्या. नाहीतर लिबरऑफिसमध्ये त्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं दिसतील आणि शिक्षकांचा पहिल्याच दिवशी विश्वास उडेल. बाकीचा डेटाही त्याच वेळी बाहेर काढा. डिस्क एकदा नव्याने विभागली की तो परत मिळवणं कठीण.

निघण्याआधी घरी एका खऱ्या मशीनवर, वायर काढून आणि वायफाय बंद करून, सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत चढवून पाहा: इन्स्टॉल, जादा पॅकेजं, मराठीत चार ओळी, लागलंच तर प्रिंटर. जे कमी पडेल ते त्या संध्याकाळीच उतरवता येतं. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे तुमच्याकडे पूर्ण मे महिना आहे. शाळेत मात्र सकाळी लवकर जा. त्या उन्हात दुपारी जुनी मशीन तापतात आणि लाइटही जाते.

सोबत सीआर२०३२ चे थोडे सेल न्या, मशीनचं घड्याळ चालू ठेवणारे. सुटीभर बंद राहिलेल्या मशीनची तारीख मागे गेलेली असते, आणि मग अ‍ॅप्ट 'रिलीज फाइल अजून वैध नाही' म्हणून अडून बसतं. बायोसमध्ये तारीख लावूनच इन्स्टॉल सुरू करा. ३२ बिटचं मशीन निघालं तर त्याचं मॉडेल इथे लिहा, डेबियन १२ ची नेमकी कोणती आयएसओ घ्यायची ते सांगतो.