अदिस अबाबासाठी झीकर ००१ घ्यावी की बीवायडी हान?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनीने इथिओपियात, अदिस अबाबाला बदली केली आहे, चार-पाच वर्षं तरी मुक्काम आहे. चीनहून मागवलेल्या दोन इलेक्ट्रिक गाड्या मनात भरल्या आहेत, झीकर ००१ आणि बीवायडी हान. नैरोबीतल्या मेहुण्यालाही यातलीच एक हवी आहे. तर कोणती घ्यावी?

मेहुण्याचं आधी उरकतो. त्यांच्यासाठी कोणतीच नाही. केनियात आपल्यासारखंच रस्त्याच्या डावीकडून चालवतात, आणि साध्या ग्राहकाला डाव्या स्टीअरिंगची गाडी आयात करता येत नाही. आठ वर्षांपेक्षा जुनीही चालत नाही. चीनच्या बाजारातल्या या दोन्ही गाड्या डाव्या स्टीअरिंगच्या आहेत. ‘स्टीअरिंग फिरवून देतो’ म्हणणारे भेटतील, त्यांना लांबूनच नमस्कार करा. त्यांना बीवायडीच हवी असेल तर ‘सील’ उजव्या स्टीअरिंगमध्ये कारखान्यातूनच निघते, आपल्याकडे भारतातही विकतात.

आता तुमचं. मी अदिसजवळच्या एका कापड गिरणीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. माझ्याकडे २०२२ची हान आहे. त्याच आवारात राहणाऱ्या सहकाऱ्याकडे २०२३ची झीकर ००१ आहे, आणि तो सुट्टीवर गावी गेला की ती अधूनमधून फिरवून ठेवायचं काम माझ्या गळ्यात. त्यामुळे दोन्ही गाड्यांच्या खोड्या मला तोंडपाठ झाल्यात.

पेट्रोलची घेऊ का, हा प्रश्न इथे संपलेलाच आहे. जानेवारी २०२४मध्ये वाहतूकमंत्री आलेमू सिमे यांनी इलेक्ट्रिक सोडून दुसरी मोटार देशात येऊ देणार नाही असं जाहीर केलं. कारण सरळ आहे. तेल आणायला डॉलर लागतात आणि ते नाहीत, वीज मात्र धरणांची आहे आणि स्वस्त आहे. निळ्या नाईलवरचं ५,१५० मेगावॉटचं मोठं धरण सप्टेंबर २०२५मध्ये सुरू झालं. तयार इलेक्ट्रिक गाडीवर सीमाशुल्क १५ टक्के ठेवलं होतं, पेट्रोल गाडीवर सगळे कर धरून दुप्पट-तिप्पट किंमत व्हायची. बाकी करांचं इथे अधूनमधून बदलतं, म्हणून पैसे भरायच्या आठवड्यात सीमाशुल्क एजंटकडून ताजा हिशोब लेखी घ्या. तोंडी ‘इशी, इशी’ वर जाऊ नका. अम्हारिकमधलं ‘इशी’ म्हणजे आपलं ‘बरं बरं’, आणि त्याचा भरवसाही तेवढाच.

गाडी म्हणून झीकर वरचढ आहे, यात वाद नाही. गीलीची ही गाडी २०२१मध्ये आली. जवळजवळ पाच मीटर लांब, दोन मीटर रुंद, चाकांमधलं अंतर तीन मीटर. दोन मोटरवाली ४०० किलोवॉटची आहे आणि ३.८ सेकंदांत शंभरचा वेग गाठते. वरच्या मॉडेलला एअर सस्पेन्शन येतं. मागचं दार काचेसकट वर उघडतं, त्यामुळे मुंबईहून आलेल्या चार मोठ्या बॅगा आडव्या टाकता येतात. दार लावल्यावरचा आवाज, सीटची शिवण, हायवेवरचा ठामपणा, सगळं जर्मन गाड्यांच्या पंगतीला बसेल असं.

हान २०२०ची. बीवायडीची ‘ब्लेड’ बॅटरी पहिल्यांदा याच गाडीत आली. माझ्या गाडीत ८५.४ युनिटची आहे. (किलोवॉट-तास कशाला म्हणायचं, लाईट बिलावर युनिट लिहितात तेच.) दोन मोटरवालीच्या डिकीवर ‘३.९’ असा बिल्ला असतो, म्हणजे शंभरला ३.९ सेकंद. माझी एकाच मोटरची, मला पुरते. मागच्या सीटवर पाय पसरून बसता येतं आणि स्टीअरिंगवर हान हे चिनी अक्षर आहे, एवढंच तिचं कौतुक. डिकी सेडानची, तोंड अरुंद.

२०२४ची चीनमधली सुरुवातीची किंमत बघा: हान १,७९,८०० युआन, झीकर २,६९,००० युआन. फरक ८९,२०० युआनचा, त्यावर नुसतं १५ टक्के शुल्क धरलं तरी तो लाखाच्या वर जातो. जिबूतीपर्यंतचं भाडं, तिथून मोजोच्या ड्राय पोर्टपर्यंतची वाहतूक आणि विमा हे दोन्हींना थोड्याफार फरकाने सारखंच. जुलै २०२४मध्ये सरकारने इथलं चलन बिर मोकळं सोडलं आणि ते घसरलं, तेव्हापासून इथला विक्रेता आज सांगितलेला भाव पुढच्या महिन्यात पाळत नाही. त्याचाही नाइलाज आहे.

इथपर्यंत झीकर महाग पण भारी, असं चित्र झालं. पण गाडी इथे आल्यावर पहिला प्रश्न चार्जिंगच्या तोंडाचा येतो, आणि तिथे माझी चांगलीच फजिती झाली होती.

चीनच्या गाडीला जीबी/टी पद्धतीचं तोंड असतं. घरच्या चार्जिंगचा सॉकेट दिसायला युरोपच्या टाइप २ सारखाच दिसतो, सात छिद्रं, तोच आकार, पण नर-मादी उलट. ज्या यार्डातून मी गाडी घेतली तिथल्या माणसाने हौसेने टाइप २ची वायर ‘फ्री गिफ्ट’ म्हणून डिकीत टाकून दिली. घरी आल्यावर मी टॉर्च घेऊन अर्धा तास ती बसवत होतो. इलेक्ट्रिकल इंजिनिअर! शेवटी बायकोने विचारलं, ‘दोन्हीकडे छिद्रंच आहेत, बसणार कुठे?’ जलद चार्जिंगला तर तोंडच वेगळं, आणि गाडी व चार्जर यांची आपसातली भाषाही वेगळी: जीबी/टी ‘कॅन’ नावाच्या डेटा तारांवर बोलतं, युरोपचं सीसीएस२ ‘कंट्रोल पायलट’ या इशाऱ्याच्या तारेवरून. म्हणून तिथे नुसता अडॅप्टर भागत नाही, आत इलेक्ट्रॉनिक्स असलेला महागडा लागतो. सुदैवाने अदिसमधल्या बहुतेक गाड्या चीनहूनच आलेल्या, त्यामुळे जीबी/टी चार्जर सापडतात. दुबईमार्गे येणारी निर्यात आवृत्ती सीसीएस२ची असू शकते. कुठलीही घ्या, पण फोटोवर विश्वास न ठेवता झाकण उघडून स्वतः बघा.

दुसरं, घरची वीज. सात किलोवॉटचा चार्जर म्हणजे ३२ अँपिअर, रात्रभर. हानला रिकाम्यापासून भरायला बारा तास, झीकरच्या १०० युनिटना चौदाच्या वर. आणि मधेच ‘मेब्रात येल्लेम’, म्हणजे लाईट गेले. भाड्याच्या घरात अर्थिंग आहे का ते आधी तपासा. आमच्या चार्जरचा लाल दिवा आठवडाभर जाईना. सगळे गाडीला नावं ठेवत होते, दोष होता घराला अर्थिंगच नसण्याचा. अंगणात रॉड ठोकला, मिठाचं पाणी ओतलं, दिवा हिरवा झाला. त्या दिवशी घरमालकाने मला कॉफी पाजली. आता त्याचा फ्रीजही पूर्वीसारखा झटका देत नाही.

पल्ल्याबद्दल. हानचे ७१५ आणि झीकरचे ७४१ किलोमीटर हे चिनी चाचणीचे आकडे, त्यातून पाव भाग सरळ वजा करा. वेगात गेलात तर तिसरा हिस्सा. पण अदिसचं हवामान बॅटरीला मानवतं, ना उन्हाळ्याची काहिली ना गोठवणारी थंडी. शहर २,३५० मीटर उंचीवर. पेट्रोल इंजिनाला इथे दम लागतो, मोटरला फरक पडत नाही. घाट मात्र लक्षात ठेवा. अदामाचा एक्सप्रेसवे साधारण ८५ किलोमीटरचा आणि अदामा आपल्यापेक्षा सहाशे-साडेसहाशे मीटर खाली. म्हणजे दर सहलीत बोरघाट उतरायचा आणि चढायचा. माणसांसकट अडीच टन वजन साडेसहाशे मीटर चढवायला साधारण साडेचार युनिट नुसते उंचीलाच जातात, म्हणजे पंचवीस-तीस किलोमीटरचा पल्ला. उतरताना त्यातलं बरंच परत मिळतं. म्हणून जाताना आकडा बघून हुरळून जायचं नाही आणि येताना घाबरायचं नाही. हवासाला, पावणेतीनशे किलोमीटर, दोन्ही गाड्या एका दमात जातात. तिथे पोचल्यावर चार्जर चालू असेल का, हे निघण्यापूर्वी फोन करून विचारा.

बॅटरीचा प्रकार मला पल्ल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. हानची एलएफपी, म्हणजे लिथियम-लोह-फॉस्फेटची. रोज शंभर टक्के भरली तरी ती कुरकुरत नाही, उलट आठवड्यातून एकदा पूर्ण भरावीच लागते, नाहीतर मीटरचा अंदाज चुकतो. झीकरची जुनी १०० युनिटवाली निकेल-कोबाल्टची. ती रोज ८० टक्क्यांवर थांबवायची आणि लांब जायच्या आदल्या रात्रीच पुरी भरायची. म्हणजे कागदावर १०० युनिट, रोजच्या वापरात ८०. लाईट कधी जातील सांगता येत नाही अशा गावात ‘आज भरून ठेवू’ म्हणता येणं ही मोठी सोय आहे, आणि ती हानकडे आहे. २०२४च्या झीकरमध्ये ९५ युनिटची एलएफपी आली, ८०० व्होल्टवाली. झीकर घ्यायचीच असेल तर तीच शोधा. मात्र काही मिनिटांत ८० टक्के वगैरे जाहिरातीत वाचाल ते तसल्या ताकदीच्या चार्जरवर. इथे २०२५मध्ये इथिओ टेलिकॉमनेही चार्जिंग स्टेशन सुरू केलं, त्यांच्याच टेलेबिर या मोबाईल अॅपवरून पैसे देता येतात, पण तुमचं नव्वद टक्के चार्जिंग अंगणातच होणार.

आणि रस्ते. अदिसच्या मोठ्या रस्त्यांची हल्ली चकाचक दुरुस्ती झाली आहे, पण आत गल्लीत वळलात की दगडी फरसबंदी आणि मनाला येईल तिथे गतिरोधक. हानचं पोट जमिनीपासून वीतभरही वर नाही. घरचे पाच जण बसले की आमच्या गल्लीच्या तोंडाशी खर्रर्र आवाज येतोच. मी आता तो तिरका घेतो, आधी डावं चाक, मग उजवं. झीकर हवेवर वर उचलते, तिथे तिचा ऐटबाजपणा खरा कामाला येतो. पण सहकाऱ्याच्या गाडीला २२ इंची चाकं, टायरची भिंत चार बोटांची. पावसाळ्यात पाण्याखालच्या खड्ड्यात एक टायर फुटला. मर्काटो या मोठ्या बाजारातल्या सोमाले तेराला, जिथे कुठल्याही टोयोटाचा कुठलाही भाग मिळतो, दुकानदाराने माप ऐकून हसून हात जोडले. टायर ग्वांगझूहून विमानाने आला. तोवर सव्वातीन आठवडे गाडी तीन चाकं आणि जॅकवर, वर मुलांनी क्रिकेटचा स्टंप म्हणून वापरलेली. हानचे १९ इंची आहेत, तेही सहज मिळत नाहीत, पण मिळतात. एअर सस्पेन्शनची पिशवी गेली तर काय, हे मी त्याला विचारत नाही.

सुट्या भागांचं तेच. अदिसमध्ये बीवायडी पुष्कळ आहेत, छोट्या सीगलपासून साँगपर्यंत. त्यामुळे हात बसलेले मेकॅनिक तयार झालेत, सेन्सर, दिवे, आरसे फिरून सापडतात. झीकर मोजक्या. पुढची काच तडकली तर चीनकडे डोळे लावून बसायचं. गाडी विकतानाही हेच आडवं येतं, आणि तुम्ही चार-पाच वर्षांनी विकणारच आहात.

सॉफ्टवेअरचं लवकर सांगून टाकतो. दोन्हींचे नकाशे चीनचे, म्हणजे इथे निरुपयोगी. मोबाईल अॅपला चिनी नंबर लागतो. बीवायडीचा स्क्रीन अँड्रॉइडवर चालतो, बाहेरची अॅप टाकता येतात, मी तिथेच नकाशा आणि मराठी गाणी लावतो. झीकरचा मालक फोन डॅशबोर्डला चिकटवून हिंडतो.

थोडक्यात, माझे पैसे असते तर पुन्हा हानच घेतली असती. तुम्हाला झीकरचा मोह आवरत नसेल तर २०२४ किंवा नंतरची, एलएफपी, त्यातल्या त्यात छोटी चाकं आणि साधं सस्पेन्शन. आणि दोन जादा टायर गाडीबरोबरच डिकीत मागवा.

‘शून्य किलोमीटर जुनी’ गाडी म्हणून जे विकतात, त्याची कागदं नीट वाचा. चीनमध्ये नावाला नोंदणी करून नवी गाडी ‘जुनी’ म्हणून पाठवायचा हा धंदा. १ जानेवारी २०२६ पासून चीनने इलेक्ट्रिक मोटारींच्या निर्यातीला परवाना लावला, आणि नोंदणीला १८० दिवस व्हायच्या आत पाठवायची तर विक्रीनंतरच्या सेवेचं कंपनीचं पत्र लागतं. विक्रेत्याकडे हे आहे का, विचारा. काचेखालच्या चासी नंबरचं दहावं अक्षर बघा: एन म्हणजे २०२२, पी २०२३, आर २०२४. ‘चोवीसची आहे’ म्हणून तेविसाची गळ्यात मारलेली मी स्वतः पाहिली आहे. पैसे देण्यापूर्वी यार्डातच पंधरा मिनिटं चार्जिंगला लावायला सांगा. टाळाटाळ केली तर दुसरं यार्ड गाठा.

इकडे आलात की कळवा, दोन्ही चालवून बघू. सहकारी अजून महिनाभर गावी आहे, झीकरची चावी आमच्या फ्रीजवरच असते.