मासेमारीसाठी राफ्ट: विकत घ्यावी की घरी बांधावी?

तुम्ही अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या बॉइसीत नवे आहात, तुम्ही दोघं आणि १० वर्षांचा मुलगा. साउथ फोर्क बॉइसी नदीत प्रवाहाबरोबर जात ट्राउट धरायचे आहेत. १४ फुटी जुनी राफ्ट स्वस्तात मिळतेय. ती घेऊन बाकीचं घरी बांधावं की नवा तयार संच घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: राफ्ट विकत घ्या, जुनी चालेल. वल्ही आणि बैठक जिच्यावर बसतात ती फ्रेम मात्र स्वतः बांधा.

आधी कोलाडची राफ्ट डोक्यातून काढा. कुंडलिकेवर सगळे कडेला बसून वल्हवतात आणि मागून गाइड सांगतो तसं करतात. इथे वल्ही दोनच, लांब, फ्रेमवर अडकवलेली, आणि वल्हवणारा एकटा. बाकीचे दोघं, एक पुढे आणि एक मागे, गळ टाकतात. म्हणजे ही होडी वल्हवणाऱ्याची. तो पाच-सहा तास नीट बसू शकला आणि हवी तिथे होडीचा वेग मोडू शकला, तरच पुढच्याला मासा लागतो. तयार संचात फ्रेम सरासरी माणसाच्या मापाची येते, म्हणून ती स्वतः बांधा म्हणतो.

जुनी राफ्ट बघायला जाल तेव्हा हवा भरलेल्या राफ्टवर लगेच विश्वास ठेवू नका. ट्यूबमध्ये दाब अडीच पीएसआयच्या आसपास असतो, गाडीच्या चाकात असतो त्याच्या दहावा हिस्सासुद्धा नाही, त्यामुळे बारीक गळती हाताला कळत नाही. स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी न्या. झडपांवर, सांध्यांवर आणि तळ जिथे ट्यूबला जोडलाय तिथे मारा आणि मिनिटभर थांबा. मोठे बुडबुडे सोडून द्या, ते ठिगळाने बंद होतात. मोहरीएवढ्या बुडबुड्यांचा फेस सांध्याच्या कडेने लांबवर येऊ लागला, तर गोंद सुटत चाललाय, ती राफ्ट घेऊ नका. मग एका कप्प्याची हवा सोडा. शेजारचा कप्पा हळूहळू मऊ पडला तर आतला पडदा फाटलाय. ही दुरुस्ती घरची नव्हे.

कापड हायपालॉनचं (एक कृत्रिम रबर) की पीव्हीसीचं, हेही विचारा. ड्यूपाँटने २०१० मध्ये हायपालॉन बनवणं थांबवलं. आता तशाच जातीचं रबर दुसऱ्यांकडून येतं. जुनी हायपालॉन राफ्ट सावलीत ठेवलेली असेल तर वर्षानुवर्षं साथ देते आणि थंडीतही सहज घडी होते. पीव्हीसी स्वस्त आणि ताठ, पण थंडीत घडी घालताना नको होतं. दोन्हींचा गोंद वेगळा, हे ठिगळ लावायच्या वेळी आठवा. तळ मात्र आपोआप पाणी बाहेर टाकणारा, भोकांचाच हवा. डबड्याने पाणी उपसणं आणि वल्हवणं एका माणसाला जमत नाही.

आता फ्रेम. सव्वा इंची, शेड्यूल ४० (पाइपच्या जाडीचं माप) चे अॅल्युमिनियम पाइप आणि स्क्रूने आवळायचे सांधे घ्या. वेल्डिंग लागत नाही. हॅकसॉ आणि अॅलन की पुरे. पण पाइप कापायच्या आधी राफ्ट पूर्ण फुगवून डाव्या ट्यूबच्या मध्यापासून उजव्या ट्यूबच्या मध्यापर्यंत माप घ्या. मी अर्धवट हवेवर माप घेतलं होतं. दोन आडवे पाइप तोकडे पडले आणि पुन्हा आणावे लागले. नंतर मी राफ्ट अंगणात फुगवली, कूलरवर (बर्फाच्या पेटीवर) बसलो, फळ्या क्लॅम्पने बांधून वल्ही टेकवली आणि तासभर हात चालवत बसलो. पातं पाण्याच्या पातळीला असताना मुठी छातीच्या खालच्या बाजूला याव्यात, पाय कशावर तरी घट्ट टेकावेत. १४ फुटी राफ्टला साधारण ९ फुटी वल्ही बसतात. वल्ह्याचा एक तृतीयांश भाग आत राहील असं बघा. पुढच्या बाजूला मांड्या टेकवायला आडवा दांडा लावाच, मुलगा उभा राहणारच आहे. फ्रेम बांधायच्या पट्ट्यांची लोंबती टोकं खोचून टाका, गळाची दोरी हमखास त्यांतच अडकते.

नांगराबद्दल कळकळीने सांगतो. ३० पौंडांचा नांगर मागे टांगतात आणि दोरी कप्पीच्या चाकांवरून वल्हवणाऱ्यापर्यंत आणतात. त्या दोरीच्या मोकळ्या टोकाला गाठ मारू नका. मी मारली होती, दोरी निसटू नये म्हणून. वेगाच्या पाण्यात नांगर दगडात अडकला, दोरी पूर्ण ताणली गेली आणि गाठ कप्पीत रुतली. राफ्टचा मागचा भाग खाली ओढला जाऊ लागला, पाणी मागच्या ट्यूबवरून आत येत होतं आणि मागे बसलेला माझा मित्र गुडघाभर पाण्यात होता. लाइफ जॅकेटला सुरी होती म्हणून दोरी कापता आली. गाठ नसती तर दोरी आपोआप निघून गेली असती, फक्त नांगर गेला असता. तेव्हापासून जोराच्या पाण्यात मी नांगर टाकतच नाही.

वल्हवायचं कसं, तर तोंड प्रवाहाच्या दिशेला. समोर धोका दिसला की राफ्टचं नाक धोक्याकडे तिरकं करायचं आणि वल्ही मागे ओढत दूर जायचं. १८९० च्या दशकात नॅथॅनिएल गॅलोवे नावाचा नावाडी ग्रीन आणि कोलोरॅडो नद्यांवर असाच वल्हवत असे. पाण्यात आडव्या पडलेल्या झाडाला सगळ्यात जास्त घाबरा. ते चाळणीसारखं असतं, पाणी आरपार जातं, माणूस अडकतो.

साउथ फोर्क बॉइसीवर धरणाचं पाणी सोडतात, उन्हाळ्यात १६०० क्युसेकच्या पुढे. निघण्यापूर्वी विसर्ग बघा. पहिले काही दिवस अँडरसन रँच धरण ते डॅन्स्किन पूल एवढाच टप्पा करा, कडेने रस्ता आहे. त्याखालच्या घळीत मुलाला इतक्यात नेऊ नका. २०१३ च्या आगीनंतर डोंगरावरून दगडमाती नदीत आली आणि तिथे नवे खळाळ तयार झाले.

आयडाहोत १४ वर्षांपर्यंतच्या मुलांनी अशा राफ्टमध्ये लाइफ जॅकेट घातलंच पाहिजे, आणि १० फुटांपेक्षा मोठ्या राफ्टला बाहेरून येऊन फोफावणाऱ्या जलचरांना रोखण्यासाठीचा सरकारी स्टिकर लागतो. स्नेक नदीत २०२३ मध्ये ट्विन फॉल्सजवळ क्वागा हे असेच फोफावणारे शिंपले सापडले. दुसऱ्या नदीत जाण्यापूर्वी राफ्ट धुऊन, पाणी काढून, पूर्ण वाळवा.

त्या राफ्टच्या तळाच्या सांध्याचे आणि झडपांचे जवळून फोटो काढून इथे टाका. घ्यायची की नाही, ते बघून सांगतो.