वाचक विचारतात : माँटेरेची समुद्री पाणमांजरं

कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बे मत्स्यालयाचा पाणमांजरांचा लाइव्ह कॅमेरा दुपारी लावला की ठरावीक दृश्यंच पुन्हा पुन्हा दिसतात. हे थेट प्रक्षेपण नाही का? (नाशिक)

आहे, पण तिथल्या दिवसा. आपल्या दुपारी कॅलिफोर्नियात मध्यरात्र असते आणि कॅमेऱ्याची वेळ संपली की आधी टिपलेली दृश्यं फिरत राहतात. थेट प्रक्षेपण तिथल्या सकाळी 7 ते संध्याकाळी 6 चालतं. मार्चचा दुसरा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार या काळात ते आपल्याकडे संध्याकाळी साडेसात ते पहाटे साडेसहा असतं. हिवाळ्यात दोन्ही टोकं तासाने पुढे सरकतात. मार्च आणि नोव्हेंबरात तिथली घड्याळं बदलतात, तेव्हा हा एक तास हमखास चुकतो. कर्मचारी प्रेक्षकांसमोर खाऊ घालतात ती वेळ गाठायची असेल, तर मत्स्यालयाचं त्या दिवसाचं वेळापत्रक आधी पाहून ठेवा.

ती सतत अंग चोळतात, गिरक्या घेतात. खाज सुटते की कोंडून ठेवल्यामुळे बिथरली आहेत? (ठाणे)

दोन्ही नाही. सील किंवा देवमाशासारखा चरबीचा थर यांना नसतो. थंडगार पॅसिफिकमध्ये ऊब टिकते ती फरमुळे. काही ठिकाणी एका चौरस इंचात दहा लाखांपर्यंत केस असतात, आणि त्यांच्यात अडकलेली हवा पाणी कातडीपर्यंत पोहोचू देत नाही. ही हवा भरत राहावी लागते. नीट पाहा : सैल कातडी पंजांनी ओढून पुढे आणायची, चाटायची, चोळायची, मधेच तोंडाने फरमध्ये हवा फुंकायची. खाताना पोट हेच ताट, त्यामुळे खरकटं धुवायला मधूनमधून गिरकी घ्यावीच लागते.

फर चिकटली की खेळ संपला. 1989 मध्ये अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून तेल सांडलं, तेव्हा हजारो पाणमांजरं मेली. तेलाने केस चिकटतात, हवा निघून जाते, अंग गारठतं. वर चाटून साफ करताना तेच तेल पोटात जातं. ऊब टिकवायला खाणंही अफाट : रोज वजनाच्या सुमारे पाव हिस्सा. 20 किलोच्या मादीला दिवसाला 5 किलो शिंपले, कोळंबी, माकुल.

आणि कॅमेऱ्यातली मंडळी हौसेने पकडून आणलेली नाहीत. लहानपणी किनाऱ्यावर एकटी सापडलेली, पुन्हा समुद्रात सोडण्याजोगी नाहीत असं सरकारी यंत्रणेने ठरवलेली ती आहेत. त्यांच्यातल्या काही माद्या अनाथ पिल्लांना सांभाळतात, शिंपला फोडायला शिकवतात. पिल्लांना माणसाचा लळा लागू नये म्हणून कर्मचारी काळा अंगरखा आणि वेल्डिंगचा मुखवटा घालून जवळ जातात. अशी वाढवून सोडलेली पाणमांजरं आणि त्यांची प्रजा यांचा एल्कहॉर्न स्लू या तिथल्या खाडीतली पाणमांजरांची संख्या 2002 ते 2016 मध्ये वाढली त्यात निम्म्याहून जास्त वाटा होता. आमच्या मते कॅमेरा पाहण्याचं खरं कारण हे आहे, गोंडस चेहरे नव्हे.

आम्ही कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहतो. देणगीशिवाय काय करता येईल?

बरंच. राज्याच्या 540 क्रमांकाच्या आयकर अर्जात ऐच्छिक देणग्यांमध्ये 410 या कोडपुढे समुद्री पाणमांजर निधी आहे. तिथे पूर्ण डॉलरमध्ये रक्कम लिहा. तेवढी रक्कम परताव्यातून वजा होते किंवा देय करात वाढते. कर सल्लागार किंवा सॉफ्टवेअर हे पान बहुधा आपणहून विचारत नाही, तुम्हीच सांगा.

घरात मांजर असेल तर तिची विष्ठा संडासात टाकून पाणी सोडू नका, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. टॉक्सोप्लाझ्मा हा मांजरांतून येणारा परजीवी समुद्रात पोहोचून पाणमांजरांचा मेंदू पोखरतो. एल्कहॉर्न स्लूच्या तोंडाशी मॉस लँडिंगला कयाकने (वल्ह्याच्या छोट्या होडीने) गेलात तर किमान 60 फूट, म्हणजे साधारण पाच कयाकांइतकं अंतर ठेवा. पाणमांजर मान वर करून तुमच्याकडे बघू लागलं, तर जास्त जवळ गेलात असं समजा. प्रत्येक दचकण्यात, बुडी मारण्यात कष्टाने मिळवलेली ऊर्जा खर्च होते.

पुण्यातून ‘दत्तक’ घेता येतं का?

दत्तक नावापुरतं असतं. पैसे एका प्राण्यावर नव्हे, संस्थेच्या सगळ्या कामात जातात. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत का पाहा, बँक चलनबदलाचं शुल्क वेगळं लावते, आणि परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर 80जी ची आयकर सवलत मिळत नाही. सवलत हवीच असेल तर भारतातल्या नद्या-खाड्यांतल्या पाणमांजरांसाठी काम करणारी, 80जी नोंदणी असलेली संस्था शोधा. कोकण-गोव्याच्या खाड्यांत दिसतं ते पाणमांजर वेगळ्या जातीचं. समुद्री पाणमांजर आपल्या किनाऱ्यावर नाही.